ताम्हिणी, आंबेनळी, पसरणी, मांढरदेवी: दोघांच्या सायकल सहलीच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

मार्ग आज पक्का केला. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग महाड, पोलादपूर, आंबेनळी चढून महाबळेश्वर, पाचगणीवरून पसरणी घाट उतरून वाई, तिथून मांढरदेवीचा घाट ओलांडून भोर आणि शेवटी कापूरहोळ, नारायणपूर, सासवड करत बोपदेव घाटाने घरी. वरंध घाटाने गोल बराच छोटा झाला असता पण मग महाबळेश्वर सुटतं आणि नवऱ्याची अट एकच आहे, स्ट्रॉबेरी. माझी अट अशी की एका दिवसात मोठा चढ एकच, तो झाला की त्या दिवसाचं काम संपलं, मग घड्याळात बारा वाजलेले असोत की चार. पन्नाशी दोघांचीही उलटलीय, कुणाचा रेकॉर्ड मोडायचा नाहीये. नोंदी यासाठी ठेवतेय की आमच्या वयाचे बरेच जण विचारत असतात आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा येतो.

आजचं काम, माझ्या सायकलची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच. दोन्ही हायब्रिड आहेत, ७०० बाय ३५ चे टायर, केबलवाले डिस्क ब्रेक, पुढे तीन चकत्या, ४८, ३८ आणि २८ दातांच्या. नवऱ्याच्या मागच्या चाकाला ११ ते ३४ दातांची आहे, माझ्या १२ ते २८ होती. म्हणजे माझा सगळ्यात हलका गिअर २८ ला २८, पॅडलची एक फेरी की चाकाची एक फेरी. ताशी ६ किलोमीटरने चढायचं तर त्यात पॅडल मिनिटाला ४६ वेळा फिरतं, ३४ ची चकती टाकली की ५६ वेळा. आकड्यात फरक बारीक वाटतो, गुडघ्यांना मोठा वाटतो. व्यायाम वाढवा, स्टॅमिना वाढवा असं लोक सांगतात ते खरंच आहे पण नवी कॅसेट चौदाशे पन्नास रुपयांत आली, जे असं विकत मिळतं ते आधी घ्यावं.

नवी कॅसेट जुन्या चेनवर चालवून बघितली, जोर लावला की चेन उडी मारायची. चेन घासून लांबली होती, जुन्या कॅसेटचे दातही तिच्याबरोबरच झिजलेले त्यामुळे इतके दिवस कळलं नाही. नवी चेन ७५०. ती जुन्या चेनच्या मापाने तोडायची नाही, मोठ्या चकतीला लांब चेन लागते. पुढची मोठी आणि मागची मोठी अशा दोन चकत्यांवरून डिरेलरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) न घालता चेन गुंडाळायची आणि जिथे टोकं भेटतील तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या. डिरेलरमधली वरची छोटी चकती ३४ ला घासत होती, डिरेलरच्या मागचा बी-स्क्रू आत घेतल्यावर आवाज गेला. दिवाळी तोंडावर, फराळाचं सगळं ओट्यावर आणि मी गॅलरीत काळ्या हातांनी, सासूबाई काही बोलल्या नाहीत फक्त बघून गेल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

कॅरिअर बसवायचा दिवस होता, अख्खा गेला आणि बसलं नाही. अडचण अशी की डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, डाव्या बाजूला नेमका तिथेच येतो जिथे साध्या कॅरिअरचा पाय खाली उतरतो. दुकानात सांगितलं की मध्ये १५ मिलीमीटरचा स्पेसर टाका आणि लांब बोल्ट लावा. तसं केलं, दिसायला बरं दिसलं, दोन्ही बॅगांत तांदळाच्या पिशव्या घालून सोसायटीला चार चकरा मारल्या तर डावा बोल्ट सैल. परत आवळला, परत सैल. सगळं वजन पाच मिलीमीटरच्या बोल्टच्या बाहेर आलेल्या टोकावर लोंबकळतं, प्रत्येक खड्ड्यात तो थोडा वाकतो, बोल्ट फिरून सुटू नये म्हणून लावतात ते लॉकटाइट लावूनही फायदा नाही कारण फिरण्याचा प्रश्नच नाही, वाकण्याचा आहे. घाटात हा तुटला असता तर बॅग सरळ चाकात.

पुढच्या आठवड्यात डिस्कसाठीच बनवलेलं, वाकवलेल्या पायांचं कॅरिअर घेतलं, २,८०० रुपये. पहिल्याचे १,६०० गेले, दुकानदार परत घेईना. सायकलला डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअर विकत घेण्याआधी सायकल दुकानात घेऊन जा आणि लावून बघा, फोटो दाखवून चालत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी सातला रांगेत उभं राहून शाई लावून घेतली आणि तसंच सामान लादून बोपदेव घाट. सामान दोघांत समसमान वाटलं होतं, प्रत्येकी ८ किलो, न्याय म्हणून. तो न्याय कोंढव्याच्या पुढेच कोसळला. नवरा वळणावर जाऊन थांबतो, मी धापा टाकत पोचते, मी पोचले की तो म्हणतो चला, म्हणजे विश्रांती त्याची झालेली आणि माझी झालेलीच नाही. अशाने चौथ्या वळणापर्यंत मी चिडलेली होते, तो निरागस.

वर चहा घेतला आणि तिथेच बॅगा उघडून वाटणी बदलली. जड सगळं त्याच्याकडे, हत्यारं, पंप, कुलूप, दोघांचे गरम कपडे, साधारण ११ किलो, माझ्याकडे ५. खाली उतरून परत चढलो तर आमच्यात दोन-तीन सायकलींचं अंतर राहिलं, बोलता येत होतं. जोडप्याने जायचं असेल तर हे पहिल्यांदा करून बघा, दमदार माणसाला हळू चालव म्हणून सांगून काही होत नाही, त्याच्यावर वजन टाकलं की तो आपोआप हळू होतो. आणि चढावर पुढे मी, तो मागे. माझा वेग तोच दोघांचा वेग.

अजून एक, सगळं वजन मागे असलं की चढावर पुढचं चाक हलकं होऊन भटकतं. पाण्याच्या दोन बाटल्या आणि खाऊ हँडलच्या बॅगेत घेतल्यावर ते सुधारलं.

५ डिसेंबर, गुरुवार

फेंगल वादळाच्या नादात थंडी गायब, ढग, मधूनच भुरभुर. सोमवारी निघायचं म्हणतोय, आकाश उघडेल असं वाटतंय. सामानातून जीन्स, दुसरे बूट, छत्री, पॉवरबँकांपैकी एक काढलं. सुटे ब्रेक पॅड एक जोडी, दोन ट्यूब, ब्रेकची केबल, पंक्चरचं सामान घेतलं. सोमवारी निघण्याचं कारण घाटातली शनिवार-रविवारची गाड्यांची गर्दी, विशेषतः ताम्हिणीतली.

९ डिसेंबर, सोमवार: पुणे ते ताम्हिणी

थंडी आली. सव्वासहाला चांदणी चौकात स्वेटर आणि भूगावला पोचेपर्यंत काढला. पिरंगुटचा छोटा घाट, पौडला मिसळ, मग मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि रस्ता धरणाच्या कडेकडेने वरखाली होत राहतो. हा वरखालीचा भाग नकाशावर सपाट दिसतो, पायांना तसा लागत नाही.

पाणी निळं, पलीकडे डोंगर, फोटो काढायला थांबतो सगळेच. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता, जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांच्या. आणि हे पाणी आपल्या पुण्याकडे येत नाही बरं का, डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कुंडलिकेला मिळतं. उद्या आपणही त्याच बाजूने उतरणार.

ताम्हिणी गावात विंझाई देवीच्या देवळात जरा बसलो, सावली चांगली. तिथून जवळच एका घरगुती ठिकाणी मुक्काम, खोली आणि दोन वेळचं जेवण दोघांचं मिळून १,८००, नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. माकडांचा त्रास आहे, हँडलची बॅग उघडी ठेवून पाणी आणायला गेले तेवढ्यात चिक्कीचं पाकीट गेलं. खाऊ चेनच्या कप्प्यात, कायम.

संध्याकाळी नवऱ्याने उत्साहाने दोन्ही सायकलींच्या चेनला स्प्रेचं तेल मारलं. पुढे वाचा.

१० डिसेंबर, मंगळवार: ताम्हिणी ते महाड

सकाळी सातला निघणार होतो, नऊ वाजता निघालो. स्प्रेचा फवारा माझ्या मागच्या डिस्कवर गेला होता. ब्रेक दाबला की कर्कश किंकाळी आणि चाक थांबेना, आणि समोर अख्खा घाट उतरायचा. तेल लागलेले पॅड पुसून साफ होत नाहीत, ते तेल शोषून घेतात. डिस्क घासून पुसायची होती, नवऱ्याने सॅनिटायझर काढला पण त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा पुन्हा थर बसतो. यजमानांकडे जखमेला लावायचं स्पिरिट निघालं, त्याने स्वच्छ कपड्याने डिस्क तीन वेळा पुसली, नवे पॅड घातले आणि अंगणात वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक मारले तेव्हा पकड आली. नवे पॅड असे बसवून घ्यावेच लागतात, लगेच घाटात नेऊ नये. चेनला तेल थेंबाची बाटली वापरूनच लावायचं, एकेका कडीवर, मग पुसून टाकायचं. स्प्रे तिथेच देऊन टाकला, त्यांच्या दरवाज्याच्या बिजागऱ्यांना होईल.

घाट सुंदर आहे, बाजूला कुंडलिकेची खोल दरी, पावसाळ्यातले धबधबे आता आटलेले पण त्यामुळेच रस्ता कोरडा आणि आपला. अवजड ट्रक मात्र आहेत, विळे-भागाडच्या एमआयडीसीत पोलादाचा कारखाना आहे तिकडचे, गुंडाळ्या लादून रांगत चढतात. उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक चांगले दाबून वेग पाडायचा, वळणात सोडायचा, मध्ये डिस्कला वारा लागू द्यायचा. दोनदा थांबलो, नवऱ्याच्या डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र झालं. अर्ध्या घाटात त्याच्या ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकायला लागला, केबलवाल्या डिस्कमध्ये एकच पॅड सरकतो आणि आतला जागेवर असतो त्यामुळे झिज झाली की आतला पॅड हाताने जवळ आणावा लागतो. पाचच्या ॲलन कीने अर्धा फेरा, केबलवरचा गोल नट थोडा बाहेर, काम झालं, पाच मिनिटं.

खाली विळे, निजामपूर, माणगाव. हवा बदलते, घाम चिकट होतो, कोकण लागलं हे सांगावं लागत नाही. माणगावला जेवलो आणि मुंबई-गोवा हायवेला लागलो, हा या सहलीतला सगळ्यात कंटाळवाणा तुकडा, २७ किलोमीटर आणि त्यात माझं मागचं चाक बसलं. ट्यूब काढली, भोक बुजवलं, टायरमध्ये बोट फिरवलं, काही लागलं नाही, निघालो. दोन किलोमीटरवर परत. हायवेवर ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात त्यातल्या लोखंडी तारांचे बारीक तुकडे घुसतात, बोटाला लागत नाहीत. ओढणीचं टोक टायरच्या आतून फिरवलं तेव्हा ते एका जागी अडकलं, तिथे केसाएवढी तार, चिमट्याने ओढून काढली. दोन पंक्चरमध्ये मिळून तासाच्या वर गेला, तोही उन्हात. पहिल्याच वेळी कापड फिरवायचं.

गांधारपाल्याची लेणी रस्त्यावरून दिसतात, वर जायची ताकद नव्हती. महाडला लॉज १,२००. संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते हे. शाळेची मुलं होती, एक कुटुंब नागपूरकडचं होतं, काठावर बराच वेळ बसलो.

११ डिसेंबर, बुधवार: महाड ते वाडा कुंभरोशी

महाडच्या पुढे सावित्रीवरचा नवा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना पूल पुरात वाहून गेला होता, एसटीच्या गाड्यांसकट, तो दिवस आमच्या पिढीला आठवतो. नदी आत्ता बघितली तर विश्वास बसत नाही, खडकांमधून जेमतेम पाणी.

पोलादपूरला हायवे सुटला आणि दोघांचाही मूड बदलला. इथून महाबळेश्वर ४० किलोमीटरच्या आतबाहेर आणि चढ जवळजवळ १,३०० मीटर, महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे आणि आपण समुद्राच्या बऱ्यापैकी जवळ. म्हणून दोन दिवसांत वाटला. एका दिवसात चढणारे पुष्कळ आहेत, त्यांना नमस्कार.

कापड्याच्या पुढे चढ सुरू व्हायच्या आधीच माझा ३४ चा गिअर पडेना. ज्या चकतीसाठी एवढं केलं तीच नाही. सगळी ॲडजस्टमेंट करून बघितली, मग शिफ्टरचं, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचं, झाकण उघडलं तर आत केबलचे पदर तुटलेले, सातआठ तारांचा झुबका आणि उरलेल्या दोनतीन तारांवर सगळं चाललेलं. सुटी केबल ब्रेकची होती, ती गिअरच्या नळीत जात नाही, जाड असते आणि तिचं डोकंही वेगळं. पोलादपूरला मागे जाऊन दोन दुकानं फिरलो, तिथेही ब्रेकचीच. गिअरची केबल वजनाने काहीच नाही, किंमत साठ-सत्तर रुपये, ती घ्या बाबांनो, दोन घ्या.

तात्पुरता उपाय असा केला की डिरेलरपाशी केबलचा बोल्ट सोडून केबल ताणून परत आवळली, इतकी की ३४ वर चेन चढते आणि मागच्या छोट्या चकत्या मिळत नाहीत. चढावर छोट्या चकत्या लागतातच कशाला. शिफ्टर शक्य तितका कमी हलवायचा. या सगळ्यात पावणेदोन तास.

मग घाट. सावित्री उजव्या-डाव्या हाताला खाली खाली जात राहते, समोर प्रतापगड कधी दिसतो कधी लपतो. चढ एकसारखा आहे, अंगावर येणारा नाही, हे आंबेनळीचं मोठं सुख. जुलै २०२१ च्या पावसात या रस्त्याच्या दरडींनी चिंधड्या झाल्या होत्या, नव्या संरक्षक भिंती ठिकठिकाणी दिसतात. वीस मिनिटं चढायचं, पाच मिनिटं थांबायचं असं ठेवलं होतं, नंतर ते आपोआप दहा मिनिटं झालं, कुणी तक्रार केली नाही. करवंदाच्या जाळ्या, मधूनच ओझरणारं पाणी, दुपारी दोन ते चार गाड्याही तुरळक.

वाडा कुंभरोशीला पाचच्या सुमारास. गडावर पायथ्यापासून वेगळा चढ आहे तो सायकलने टाळला, जीपने गेलो, ठरलेला नियम. अफजलखानाचं प्रकरण १० नोव्हेंबर १६५९ चं पण इथे शिवप्रताप दिन तिथीने होतो, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, तो नुकताच होऊन गेला होता आणि भगवे झेंडे अजून तसेच.

१२ डिसेंबर, गुरुवार: कुंभरोशी ते महाबळेश्वर

मार्गशीर्षातला गुरुवार. मुक्कामाच्या घरातल्या वहिनींनी पहाटेच घट मांडला होता, मला विचारलं उपास आहे का ताई, म्हटलं आज घाट आहे, त्या हसल्या आणि म्हणाल्या मग साबुदाण्याची खिचडी तरी खा, उपासाचीच आहे. दोन वाट्या खाल्ली. खोलीचे हजार रुपये, खिचडीचे पैसे घेतले नाहीत.

आज वीस किलोमीटर, सगळा चढ, दाट झाडी, सावली. मागे वळून बघितलं की मकरंदगड आणि कोयनेचं खोरं. एका जागी दोघंही सायकली कठड्याला टेकवून एवढे बसलो की मागून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून विचारलं, काही मदत? नाही, म्हटलं, बसलोय नुसते. बंद वळणांवर आतल्या बाजूने चढ एकदम तीव्र असतो, समोरून काही येत नाही याची खात्री असेल तर थोडं बाहेरून वळण घ्यायचं, नसेल तर उतरून चार पावलं ढकलायची, लाज कसली. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवला होता, धुक्यात आणि झाडीत गाडीवाल्यांना तेवढंच दिसतं.

बाराला बाजारात. स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झालाय, अजून महाग आहे, नवऱ्याने भाव न करता घेतली. खोली २,२००, शनिवार असता तर याच्या दुप्पट सांगितले असते. गिअरची केबल इथेही मिळाली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार: महाबळेश्वर ते वाई

सकाळी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. आपण दोन दिवस जिच्या काठाने चढलो ती सावित्री पश्चिमेला बाणकोटच्या खाडीकडे जाते आणि आज जिच्याबरोबर वाईला उतरायचं ती कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. दोघींचं पाणी इथे शेजारी शेजारी. भूगोल शिकवायचा तर मुलांना असा सायकलवरून शिकवावा.

पाचगणीपर्यंत वरखाली, शुक्रवार असल्याने समोरून गाड्यांची रांग सुरू झालेली, आम्ही उलट दिशेने म्हणून निभावलं. पसरणी घाट उतरायला बारा-तेरा किलोमीटर, अर्ध्या तासात वाई. ब्रेकची तीच पद्धत, नवऱ्याचा आतला पॅड परत एकदा जवळ घेतला. थंडीत उतरताना बोटं आखडतात आणि लिव्हर दाबला जात नाही, हातमोजे बोटं झाकणारे हवेत.

वाईत सायकलच्या दुकानात गिअरची केबल, ६० रुपये. मुलांच्या गिअरच्या सायकली आता गावोगाव विकल्या जातात त्यामुळे तालुक्याच्या गावी बहुतेक मिळते. शिफ्टरमध्ये अडकलेले तारेचे तुकडे चिमट्याने एकेक काढावे लागले, एक राहिला तरी नवी केबल कुरतडतो. केबलच्या टोकाला टोपी लावून घ्या. सगळ्या चकत्या परत आल्या.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीला. १७६२ चं सरदार रास्ते यांनी बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती आहे म्हणजे पुराचं पाणी दोन बाजूंना कापलं जातं.

१४ डिसेंबर, शनिवार: वाई ते भोर

लोक विचारतात वाईहून सरळ हायवे का नाही. कारण साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, ट्रकच्या धुरात आणि आवाजात सायकल घालायची इच्छा नाही. म्हणून मांढरदेवी.

हा चढ आंबेनळीपेक्षा पुष्कळ छोटा पण तिखट. ३४ च्या चकतीवरही दोन ठिकाणी उतरून ढकलली, नवऱ्यानेही, ११ किलोचा न्याय इथे त्याला कळला. सावली नाही, त्यामुळे सातच्या आत वाई सोडायचं, आम्ही पोहे खात बसलो आणि आठला निघालो ते शेवटच्या तीन किलोमीटरला महागात पडलं. माथ्यावरून मागे धोम धरणाचं पाणी, वाईचं खोरं, पलीकडे पाचगणीचं पठार, हे बसून बघण्यासारखं आहे. काळूबाईच्या दर्शनाला पायऱ्या चढून गेलो नाही, खालूनच हात जोडले. जानेवारी २००५ ची चेंगराचेंगरी इथलीच, यात्रेच्या दिवसांत या रस्त्यावर सायकल आणू नये.

भोरच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं, खडी, धूळ, मध्येच काँक्रीट मध्येच माती. उतार असूनही वेग चढाएवढाच. सैल खडीत पुढचा ब्रेक जपून, वजन मागे. नवऱ्याच्या कॅरिअरचा एक बोल्ट या हादऱ्यांनी पडला, रस्त्यात सापडला नाही, बाटलीच्या होल्डरचा बोल्ट काढून तिथे लावला, माप तेच असतं. भोरला लॉज ११०० आणि दुपारीच झोप.

१५ डिसेंबर, रविवार: भोर ते पुणे

कडाक्याची थंडी, नीरेच्या पुलावर वाफा. कापूरहोळपर्यंत सोपं, मग हायवे ओलांडून केतकावळ्याच्या बालाजीकडून नारायणपूर. काल दत्तजयंती आणि आज पौर्णिमा, नारायणपूरच्या एकमुखी दत्ताला एवढी गर्दी की दोन किलोमीटर सायकल हातात धरून चाललो, त्यात मजा आली हे कबूल, प्रसादाची खिचडी आणि शिरा दोन्ही मिळालं. पंचांग न बघता मार्ग आखला की असं होतं, वेळ तासभर जास्त धरा. पुरंदर उजव्या हाताला. सासवडला अंजीर घेतले, मऊ निघाले, बॅगेत लगदा झाला.

बोपदेव उतरताना रविवार दुपारची दुचाकीवाल्यांची गर्दी, अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त भीती मला इथे वाटली, घरापासून दहा किलोमीटरवर.

२२ डिसेंबर, रविवार

सायकली धुवून उघडल्या. नवऱ्याचे मागचे पॅड संपले, पुढचे निम्मे. माझे नवे टाकलेले निम्म्याच्या खाली. चारपाच मोठे उतार सामानासकट म्हणजे पॅडची एक जोडी जाते असं धरा आणि माणशी एक सुटी जोडी न्या, साडेतीनशे रुपये. चेन ठीक आहेत. माझ्या मागच्या टायरमध्ये आणखी दोन तारेचे तुकडे निघाले जे ट्यूबपर्यंत पोचले नव्हते.

रस्त्यावरचा खर्च राहणं-खाणं मिळून दोघांचा तेरा हजारांच्या आसपास, तयारीचा साडेसहा हजार, त्यातले १,६०० फुकट. वाया गेलेला वेळ सगळा मिळून साधारण एक दिवस, त्यातला मोठा वाटा केबल, पॅड आणि त्या तारेचा. पुन्हा केलं तर माणगाव ते महाड हा तुकडा सायकली टेम्पोत टाकून करीन आणि तो वाचलेला अर्धा दिवस आंबेनळीत घालवीन.

जानेवारीत कुणी निघणार असेल तर पौष पौर्णिमा कधी ते बघा (२०२५ मध्ये ती १३ जानेवारीला होती), तेव्हा मांढरदेवीची यात्रा असते, तो आठवडा सोडून जा. फेब्रुवारीत गेलात तर महाड-पोलादपूरचं ऊन दहाच्या पुढे सोसत नाही, कोकणातला भाग पहाटे उरकायचा. आणि वाईतली सायकलची दुकानं दहानंतर उघडतात.